डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव : एक अपुरे औषध आणि अनेकांची साथ

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी काय लिहावे, याचा विचार करीत असताना मला काही वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. आपला एक माजी विद्यार्थी कार्यालयात येऊन बसला होता. दहावीच्या वर्गात गणिताच्या पेपरला घाबरणारा तो मुलगा आता दोन मुलांचा बाप झाला होता. पण त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर तीच जुनी भीती होती. त्याच्या वडिलांना तोंडाचा कर्करोग झाला होता आणि तो गळ्यापर्यंत पसरला होता. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. डॉक्टरांनी एका वैद्यकीय चाचणीत सहभागी होण्याबद्दल विचारले होते आणि संमतिपत्राचे आठ-दहा कागद हाती दिले होते. वडिलांवर प्रयोग करू द्यावा का, ही त्याची शंका होती. शिकवलेल्या माणसाजवळ बसून मन हलके करावे, एवढ्याचसाठी तो आला होता.

मी वैद्यकातली नव्हे. मात्र त्या कागदावरच्या औषधांच्या नावांत मेथोट्रेक्सेट हे नाव पाहिले आणि मला एका माणसाची आठवण झाली. पोटापाण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी मराठी मुलूख सोडून ज्या तेलुगू भूमीत घरे केली, त्याच भूमीतला तो माणूस. त्या दुपारी मी त्या मुलाला जी हकिकत सांगितली, तीच आज सविस्तर लिहीत आहे.

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म 12 जानेवारी 1895 रोजी गोदावरीच्या मुखाजवळच्या भीमवरम गावी झाला. हा भाग तेव्हा मद्रास इलाख्यात मोडत होता. सात भावंडांत ते चौथे. वडील जगन्नाथम महसूल खात्यात होते, पण प्रकृतीमुळे त्यांना नोकरी लवकर सोडावी लागली आणि घरात ओढग्रस्त आली. आई वेंकम्मा करारी होत्या. तेराव्या वर्षाच्या सुमारास सुब्बाराव घरातून पळाले. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचे, असा बेत होता. आईने वाटेतच शोध घेऊन त्यांना परत आणले आणि पुन्हा शाळेत बसवले.

शाळेत त्यांनी काही चमक दाखवली, असे मुळीच नाही. मॅट्रिकच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले. दरम्यान वडील गेले. मुलाचे शिक्षण थांबू नये म्हणून आईने अंगावरचे दागिने विकले. तिसऱ्या खेपेस, मद्रासच्या हिंदू हायस्कूलमधून, ते उत्तीर्ण झाले. दर जून महिन्यात निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर रेंगाळणारी एक-दोन मुले मला दिसतात, तेव्हा मला हे दोनदा नापास झालेले मॅट्रिकचे वर्ष आठवते.

पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असता त्यांच्या मनाने रामकृष्ण मिशनची ओढ घेतली आणि संन्यास घ्यावा असे वाटू लागले. आईने अनुमती दिली नाही व तिच्या अनुमतीवाचून मिशनने त्यांना घेतले नाही. सेवाच करावयाची असेल तर वैद्यक शिकावे, असा मार्ग निघाला आणि ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. 1919 मध्ये शेषगिरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्या शिक्षणाचा भार सासऱ्यांनी उचलला. हा काळ स्वदेशीच्या चळवळीचा. गांधीजींच्या हाकेला अनुसरून सुब्बाराव खादीचा अंगरखा घालून शस्त्रक्रियागृहात जाऊ लागले. ही गोष्ट शल्यविद्येच्या इंग्रज प्राध्यापकांना रुचली नाही. परीक्षेतील लेखी उत्तरे चांगली असूनही त्यांना एम.बी.बी.एस. ही पूर्ण पदवी मिळाली नाही, एल.एम.एस. या दुय्यम पदविकेवर समाधान मानावे लागले. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार त्यामुळे बंद झाले आणि ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवू लागले.

याच वर्षांत त्यांच्या घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ एका आठवड्याच्या अंतराने दगावले. आजार होता संग्रहणी. खाल्लेले अंगी लागत नाही, रक्त पातळ होत जाते आणि माणूस झिजून मरतो. त्या काळी त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. स्वतः सुब्बारावांनाही हा विकार जडला होता. ते आयुर्वेदाच्या उपचाराने उठले; पण भाऊ का गेले, हा प्रश्न त्यांच्या मनातून पुढे कधी गेला नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जायचे त्यांनी ठरवले. सासऱ्यांचे पाठबळ आणि काकीनाड्याच्या एका धर्मादाय निधीची मदत, एवढ्या बळावर ते बोस्टनला पोहोचले. मागे राहिलेल्या पत्नीला तेव्हा दिवस गेले होते. मुलगा झाला, तो तान्हेपणीच गेला; वडिलांनी त्याचे तोंडही पाहिले नाही. काही वर्षांत परतण्याचे वचन होते. ते पाळले गेले नाही. पती-पत्नींची पुन्हा भेट झाली नाही. या माणसाच्या मोठेपणाविषयी लिहिताना हे लपवून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्याच्या कीर्तीची किंमत दूर आंध्रात एका बाईने आयुष्यभर मोजली.

बोस्टनमध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विभागात प्रवेश मिळाला, पण हाती पैसा नव्हता आणि भारतातली पदविका तेथे डॉक्टरकी करण्यास पुरेशी नव्हती. पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात त्यांनी रात्रपाळीची नोकरी धरली. रुग्णांची शौचपात्रे उचलावी, ती धुवावी आणि सकाळी वर्गात जाऊन बसावे, असा क्रम होता. नंतर त्यांना सायरस फिस्के यांच्या जीवरसायन प्रयोगशाळेत जागा मिळाली. तेथे दोघांनी मिळून रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची एक सोपी रंगपद्धती बसवली. 1925 मध्ये प्रसिद्ध झालेली ही फिस्के-सुब्बाराव पद्धती पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. त्याच वाटेने 1927 मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि 1929 मध्ये एटीपी हे द्रव्य त्यांच्या हाती आले. आज आपली नववी-दहावीची मुले पेशीचे ऊर्जाचलन म्हणून ज्या एटीपीची व्याख्या पाठ करतात, तेच हे एटीपी. जर्मनीत लोमान यांनीही ते त्याच वर्षी स्वतंत्रपणे शोधले होते. 1930 मध्ये सुब्बारावांना पीएच.डी. मिळाली. एवढे होऊनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. 1940 मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि थोड्याच काळात तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

येथे त्यांनी भावांच्या मृत्यूचा जुना प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्या प्रश्नाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. 1928 च्या सुमारास लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टचा अर्क दिला की या बाया सुधारतात, असे त्यांना आढळले. त्या अर्कात कोणते द्रव्य आहे, हे मात्र कित्येक वर्षे कळले नव्हते. ते द्रव्य म्हणजे फोलिक ॲसिड. सुब्बारावांच्या हाताखालच्या रसायनशास्त्रज्ञांनी 1945-46 मध्ये त्याची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. संग्रहणीच्या रुग्णांना ते दिल्यावर त्यांचे रक्त सुधारू लागले. भावांसाठी निघालेला माणूस वीस-बावीस वर्षांनी उत्तरापाशी पोहोचला होता. आज आपल्याकडे गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी असते, तिच्यात हेच फोलिक ॲसिड असते.

याच प्रयोगशाळेतून हत्तीपायाच्या रोगावरचे हेट्राझान आले. गोदावरीच्या दुआबात आणि विदर्भातही आरोग्य कर्मचारी घरोघरी ज्या डी.ई.सी.च्या गोळ्या वाटतात, त्या त्याच औषधाच्या. ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन कुळातले पहिले प्रतिजैविकही बेंजामिन डग्गर यांनी तेथेच, सुब्बारावांच्या कारकिर्दीत, शोधले. स्वतः सुब्बाराव प्रसिद्धीपासून दूर राहत आणि यशाच्या प्रसंगी तरुण सहकाऱ्यांना पुढे करीत.

कर्करोगाची कहाणी येथून सुरू होते, आणि तिचा आरंभ एका चुकीने झाला. बोस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्या काळी रक्ताचा कर्करोग झालेले मूल आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत दगावत असे. फोलिक ॲसिडने रक्तक्षयाचे रुग्ण सुधारतात, तेव्हा या मुलांनाही त्याचा गुण येईल, असा तर्क होता. लेडर्लीने पुरवलेली फोलिक ॲसिडच्या कुळातली द्रव्ये देऊन पाहिली, तर रोग उलट वेगाने वाढल्याचे दिसले. तर्क बुद्धीला पटणारा होता, हेतू चांगला होता, आणि तरीही मुलांचे अहित झाले. फार्बर यांनी ही गोष्ट दडवली नाही. जे द्रव्य रोगट पेशींचे खाद्य ठरते, त्याचाच तोतया दिला तर त्या उपाशी मरतील, असा उलटा विचार पुढे आला. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत अशी तोतया द्रव्ये तयार होतच होती. फोलिक ॲसिडसारखे दिसायचे, पेशीत त्याची जागा अडवायची, पण काम मात्र करायचे नाही, असा त्यांचा गुण. त्यांतले अमिनोप्टेरिन हे द्रव्य डोरिस सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवले. 1947 च्या डिसेंबरअखेर फार्बर यांनी ते एका लहान मुलाला दिले. सुजलेली प्लीहा ओसरली आणि ते मूल पुन्हा चालू-खेळू लागले.

जून 1948 मध्ये या कामाचा निबंध प्रसिद्ध झाला. 16 मुलांना औषध दिले होते. त्यांपैकी 10 मुलांत सुधारणा दिसली. निबंधाच्या लेखकांत सुब्बारावांचे नाव नव्हते. सुधारणा तात्पुरती आहे, हेही त्यात स्पष्ट म्हटले होते. काही महिन्यांत रोग परतला आणि मग त्याच औषधाला दाद देईनासा झाला. दोनच महिन्यांनी, ऑगस्ट 1948 मध्ये, सुब्बाराव झोपेत हृदयविकाराने गेले. वय 53. देश स्वतंत्र होऊन जवळजवळ एक वर्ष झाले होते. त्यांच्या हातून गेलेले औषध तेव्हा अर्धवट यशाचे होते. मुले थोडे दिवस घरी जात आणि परत येत. आपले औषध पुरे पडत नाही, एवढेच त्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले होते.

चरित्रे सहसा मृत्यूपाशी संपतात. सुब्बारावांचे संपत नाही, कारण त्या औषधाचा खरा अर्थ पुढे उलगडला. अमिनोप्टेरिनहून सुसह्य असा त्याचा धाकटा भाऊ, मेथोट्रेक्सेट, वापरात आला. एकटे औषध का हरते, हे डॉक्टरांना क्षयरोगाने शिकवले होते. सुब्बाराव गेले त्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही, हे बंद लिफाफ्यांतील यादृच्छिक क्रमाने ठरवले होते, म्हणजे डॉक्टरांच्या मर्जीला त्यात जागा नव्हती. औषध गुणकारी ठरले, पण काही महिन्यांत जंतू त्याला सरावले. दुसरे औषध जोडले तेव्हा कुठे ते नमले. कर्करोगाच्या पेशींचेही असेच असेल का, हे पाहायचे ठरले.

अमेरिकेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी मरकॅप्टोप्युरिन हे औषध शोधले होते. अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन मेथोट्रेक्सेट आणि मरकॅप्टोप्युरिन जोडीने देण्याच्या दोन पद्धतींची तुलना केली. तिचे निष्कर्ष 1958 मध्ये आले. पुढे बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत फ्राय आणि फ्रायराइश या डॉक्टरांनी चार औषधे एकत्र आणली. व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, मरकॅप्टोप्युरिन आणि प्रेडनिसोन. यांतले व्हिन्क्रिस्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून निघते. चारही औषधांची मारण्याची रीत वेगळी आणि त्यांचे दुष्परिणामही बरेचसे वेगळे, म्हणून ती एकत्र देता येत होती. तरीही त्या काळी अनेकांना हे क्रौर्य वाटले. मुले औषधांनीच मृत्यूच्या दारी जात आणि तेथून परतत. रक्तातून नाहीसा झालेला रोग काही मुलांच्या मेंदूत दडून पुन्हा उसळला, तेव्हा मेम्फिस येथे डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदूला किरणोपचार आणि पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट यांची जोड दिली. तेथे 1960 च्या दशकाच्या अखेरीस उपचार घेतलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी कायमची बरी झाली. आज प्रगत देशांत या रोगातून दहांपैकी नऊ मुले वाचतात. एका मोठ्या शोधाने हे घडलेले नाही. प्रत्येक चाचणीने मागच्या चाचणीला थोडे पुढे नेले, आणि तिच्या पायाशी न वाचलेल्या मुलांची नोंद होती.

हे वारे आपल्याकडेही आले. 1980 च्या दशकात मुंबईचे टाटा मेमोरियल, दिल्लीची एम्स आणि चेन्नईची अडयार कर्करोग संस्था यांनी मुलांच्या रक्तकर्करोगावर औषधांचा एक ठरीव संयोग वापरायला घेतला. पूर्वी पाच मुलांतले जेमतेम एक दीर्घकाळ जगत असे. ते प्रमाण दुपटीहून अधिक झाले. ज्या मद्रासने सुब्बारावांना पूर्ण पदवी नाकारली, त्याच शहरातली मुले त्यांच्या औषधाने वाचू लागली.

त्या दुपारी माझ्यासमोर बसलेल्या मुलाचा प्रश्न मात्र मुलांच्या रोगाचा नव्हता. वडिलांच्या पसरलेल्या रोगाचा होता. त्याविषयीही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तंबाखूमुळे तोंडाचा आणि घशाचा कर्करोग आपल्या देशात फार. तो पसरला की शिरेतून देण्याची महाग औषधे अनेक घरांना झेपत नाहीत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटच्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या थोड्या गोळ्या आणि सेलेकॉक्सिब ही साधी वेदनाशामक गोळी, असा स्वस्त संयोग योजला. 422 रुग्णांची यादृच्छिक क्रमाने दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला प्रचलित सिस्प्लाटिन, दुसऱ्याला या गोळ्या. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सिस्प्लाटिनच्या गटाचे मध्यमान आयुष्य 6.1 महिने, तर गोळ्यांच्या गटाचे 7.5 महिने भरले. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी होते. पुढच्या टप्प्यात 151 रुग्णांची चाचणी झाली. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब ही तीन औषधे दिली. दुसऱ्या गटाला त्यांच्याच जोडीला निव्होलुमॅब या अतिशय महाग औषधाची नेहमीपेक्षा पुष्कळ कमी मात्रा दिली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात 16.3 टक्के होते. दुसऱ्यात ते 43.4 टक्के आढळले.

वाचणाऱ्यास हे आकडे लहान वाटतील. दीड महिना म्हणजे काय, असे कोणी विचारील. ज्याच्या घरी लग्न ठरले आहे, ज्याची नात पहिलीत जाणार आहे, त्याला दीड महिन्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण आकडे लहान असले म्हणजे आशाही तेवढीच ठेवावी, हेही खरे. मी त्या मुलाला बरे होण्याचे आश्वासन दिले नाही. ते देण्याचा मला अधिकार नव्हता. एवढेच सांगितले की, चाचणी म्हणजे मनाला येईल तसा प्रयोग नव्हे. आधी थोड्या रुग्णांत किती मात्रा सोसते ते पाहतात, मग गाठ हटते का ते पाहतात, आणि शेवटी प्रचलित उपचाराशी तुलना करतात. संमतिपत्र समजेल अशा भाषेत मागण्याचा हक्क आपला आहे. न समजलेला शब्द दहा वेळा विचारावा. मध्येच बाहेर पडता येते, आणि त्यासाठी उपचार नाकारता येत नाहीत. आपल्या वडिलांना कोणत्या गटात जाण्याची शक्यता आहे, हेही विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निर्णय वडिलांचा आहे. मुलाने कागद त्यांच्या हाती द्यावा.

त्याने तो दिला. वडिलांनी दोन दिवस विचार करून सही केली. पुढे ते काही महिने राहिले. त्यांतले बरेचसे दिवस घरच्या खाटेवर, घरचे मऊ भात-वरण खात गेले. ते चाचणीतल्या कोणत्या गटात होते, हे त्याने मला कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. वडील गेल्यावर तो पेढे नव्हे, तर वाचनालयासाठी विज्ञानाची पुस्तके घेऊन शाळेत आला.

भारत सरकारने 1995 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, सुब्बारावांचे टपाल तिकीट काढले. तरी आपल्या मुलांना त्यांचे नाव फारसे माहीत नसते. त्यांचे कर्करोगावरचे औषध एकट्याने पुरेसे ठरले नाही, हे कदाचित त्याचे एक कारण असेल. मला मात्र त्यांचे चरित्र याच कारणासाठी शाळेत सांगावेसे वाटते. मुंबईच्या गिरणीतल्या बाया, लूसी विल्स, प्रयोगशाळेतल्या डोरिस सीगर, चूक कबूल करणारे फार्बर, सदाफुलीचे झाड, आणि संमतिपत्रावर सही करणारे अनाम रुग्ण, एवढ्यांची साथ मिळाली तेव्हा ते औषध कामी आले.

साठ वर्षांपूर्वी परमुलखात मराठी शाळा काढणारे आपले संस्थापकही मोठे धनिक नव्हते. कोणी जागा दिली, कोणी बाके, कोणी बिनपगारी शिकवले. ज्यांच्या मुलांना एकदा-दोनदा अपयश येते, त्या पालकांना माझी एवढीच विनंती आहे की, त्या मुलाला घरातून तोडू नका आणि त्याच्याजवळ बसा. वेंकम्मांनी दागिने विकले, तेव्हा मुलगा पुढे काय करील हे त्यांना ठाऊक नव्हते.